नागपूरची बर्गी कोलकात्यात

बुधवार

ज्या मैत्रिणीकडे मी निघाले होते तिला मी तोवर एकदाही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. आमची ओळख झाली ती तिच्या आजोबांच्या एका जुन्या फोटोमुळे. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत नोकरीला होते. तिने तो फोटो इंटरनेटवर टाकून, मागे दिसणारी जागा कोणती असावी, असे विचारले होते. ती जागा नागपूरची मोतीबाग असावी असे मी कळवले आणि त्या एका उत्तरातून जुनी वेळापत्रके, तिकिटे, स्टेशनांच्या इमारती आणि पुढे घरची सुखदुःखे अशी आमची देवाणघेवाण सुरू झाली. ती इतिहासाची निवृत्त प्राध्यापक, उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारात आईसोबत राहणारी आणि वयाने माझ्याहून बरीच मोठी. म्हणून मी तिला दीदी म्हणते. मी येत असल्याचे कळवल्यावर तिचे उत्तर आले, ‘नागपूरची बर्गी येणार हे ठाऊक असल्याने आम्ही पावणेतीनशे वर्षांपूर्वीच खंदक खणून ठेवला आहे. खुशाल ये.’

नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात राहिल्या. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या बारगिरांवरून त्या सगळ्याच स्वारांना बंगालमध्ये बर्गी हे नाव पडले. मुलांना झोपवताना ‘बर्गी आले’ म्हणणारे अंगाईगीत तिथे आजही घराघरांत म्हटले जाते. दीदीची थट्टा त्यातली होती.

मी मंगळवारी संध्याकाळी नागपूरला गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसले. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली ही गाडी वर्गविरहित म्हणून सुरू झाली होती. आता तिला वातानुकूलित डबे आहेत आणि मीही त्यातल्याच एकात होते. गोंदिया, दुर्ग, रायपूर, बिलासपूर झोपेत गेले. सकाळी जाग आली तेव्हा झारखंडची तांबडी माती खिडकीबाहेर होती. टाटानगरनंतर ती हळूहळू मागे पडली, आणि खडगपूर ओलांडल्यावर पाण्याने भरलेली डबकी, केळी आणि प्रत्येक घरामागचे छोटे तळे असा सपाट बंगाल सुरू झाला. कोलाघाटला रूपनारायण नदीचे पात्र इतके रुंद आहे, की पुलावरून जाताना डब्यातली बोलणी आपोआप थांबली.

दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गाड्या हावड्याच्या नव्या भागात लागतात, तर दीदीने भेटायला बोलावले होते जुन्या इमारतीतल्या ‘बडो घोडी’खाली. हे दुतोंडी मोठे घड्याळ म्हणजे चुकामूक होऊ नये म्हणून कोलकातेकरांनी पिढ्यानपिढ्या ठरवून ठेवलेली जागा. तिथे त्या वेळी आणखी किमान वीसेक माणसे कुणाची तरी वाट पाहत उभी होती. पांढरी, काठाची सुती साडी, खांद्यावर कापडी झोळी आणि हातात आजोबांचा तोच फोटो. दीदीला ओळखायला अडचण आली नाही. ‘आवाजावरून तू उंच वाटायचीस,’ हे तिचे पहिले वाक्य.

टॅक्सी न करता तिने मला थेट स्टेशनासमोरच्या घाटावर नेले आणि आम्ही बागबाजारला जाणाऱ्या लाँचमध्ये चढलो. शहरात शिरण्याची ही रीत मला फार आवडली. हावड्याचा पूल आपण चित्रांत नेहमी बाजूने पाहतो. लाँच त्याच्या खालून जाते तेव्हा माथ्यावरची ती पोलादी जाळी किती दाट आहे ते कळते. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेल्या या पुलाला नदीपात्रात एकही खांब नाही आणि त्याचे भाग नटबोल्टांनी नव्हे, रिवेटांनी जोडलेले आहेत. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी बहुतेक टाटांच्या कारखान्याचे, म्हणजे मी सकाळी ज्या टाटानगरवरून आले तिथलेच. १९६५ पासून त्याचे अधिकृत नाव रवींद्र सेतू आहे, पण लाँचमधल्या तिकीटवाल्यापासून दीदीपर्यंत कुणाच्याही तोंडी मी ते ऐकले नाही.

दीदीचे घर जुने, दोन मजली. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, हिरव्या झिलमिल्यांच्या खिडक्या आणि रस्त्याला लागून बसायचा ओटा, ज्याला इथे रक म्हणतात. संध्याकाळी त्या रकावर शेजारचे चार-पाच जण येऊन बसले आणि माझी ओळख ‘नागपूरची बर्गी’ अशीच करून देण्यात आली. सोबत नेलेली संत्रा बर्फी त्यांच्यात फिरली. ‘खंडणी घ्यायच्या ऐवजी द्यायला आलेली पहिलीच!’ असे एक आजोबा म्हणाले.

गुरुवार

सकाळी माशीमांनी, म्हणजे दीदीच्या आईंनी, कचोरी आणि बटाट्याचा रस्सा खाऊ घातला आणि त्यानंतर आम्ही खंदक पाहायला निघालो. खरे तर पाहण्याजोगा खंदक उरलेला नाही. १७४२ साली मराठे हुगळी ओलांडून येतील या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने शहराच्या भूभागाकडच्या बाजूने खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचे ठरले होते. तीन मैल झाल्यावर मराठे काही येत नाहीत असे पाहून काम थांबले. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड तयार झाला, ज्याच्या उत्तरेकडच्या भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. म्हणजे या शहराला वळसा घालणारा एक मोठा रस्ता आमच्या नागपूरकर फौजेच्या भीतीने आखला गेला, आणि ती फौज तिथवर पोहोचलीच नाही.

बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली मात्र अजून आहे. एका भिंतीवर इस्त्रीवाल्याचा फळा, दोन सायकली, वाळत घातलेले कपडे आणि वर नावाची पाटी. महाराष्ट्राबाहेर मराठ्यांच्या नावाचा रस्ता पाहून कुणाचीही छाती फुगावी, पण या पाटीखाली उभे राहिल्यावर तसे होत नाही. दीदी काही बोलली नाही. तिने झोळीतून एक जीर्ण पुस्तक काढले: गंगाराम नावाच्या कवीचे १७५१ सालचे ‘महाराष्ट्र पुराण’. गावे लुटली जात असताना लोक कसे पळाले त्याचे वर्णन तिने तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून वाचले आणि मला हिंदीत सांगितले. ब्राह्मण पोथ्यांचे ओझे घेऊन निघाले, सोनार तराजू आणि वजने घेऊन निघाले. ज्याला त्याला आपल्या धंद्याचे साधन आधी सुचले. त्याच काव्याच्या सुरुवातीला मात्र, पृथ्वीवर पाप वाढल्यामुळे शंकराने नंदीला दक्षिणेत शाहूराजाकडे धाडले, असे सांगितले आहे. म्हणजे कवीच्या लेखी मराठे आधी देवाच्या हातचा दंड आहेत आणि मग लुटारू. शेवट होतो तो भास्करपंत कोल्हटकरांच्या मृत्यूने. रघुजींच्या या सेनापतीला १७४४ मध्ये नवाब अलीवर्दी खानाने बोलणीसाठी मनकऱ्याला बोलावून त्यांच्या सरदारांसह दग्याने मारले.

माझ्या शाळेच्या पुस्तकात अटकेपार झेंड्याला सबंध धडा होता आणि बंगालच्या स्वाऱ्या चौथाईच्या हिशेबात एका ओळीत आटोपल्या होत्या. १७५१ च्या तहात ओडिशाचा महसूल आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली, एवढे मला पाठ होते. ते बारा लाख कुणाच्या घरातून आले याचा प्रश्न त्या धड्याखालच्या स्वाध्यायात नव्हता. मी हे बोलून दाखवले तेव्हा दीदी म्हणाली, ‘आमच्या पुस्तकात उलटे. आमच्याकडे नुसते बर्गी होते, त्यांच्यामागचे राज्य नव्हते.’

तिथून कुमारटुली चालत दहा-पंधरा मिनिटांवर. सरस्वती पूजा जवळ आल्याने गल्ल्यांत दोन्ही बाजूंना वीणा नसलेल्या, रंग नसलेल्या, काही तर डोके नसलेल्या सरस्वत्या ओळीने उभ्या होत्या. आमच्या नागपुरात महाल भागातल्या चितारओळीत गणपतीच्या आधी असाच दाटीवाटीचा देखावा असतो, पण इथली करण्याची रीत वेगळी आहे. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीवर पेंढा सुतळीने आवळून आधी शरीराचा आकार देतात. त्यावर भाताचे तूस मिसळलेली चिकट माती, आणि ती सुकून तडकली की नदीची मऊ माती. एक कारागीर कापडाच्या पट्ट्या पातळ मातीत बुडवून मनगटाच्या सांध्यावरच्या भेगा बुजवत होता. बोटे आणि चेहरे साच्यातून वेगळे काढून नंतर बसवतात. मग खडूचा पांढरा हात, त्यावर चिंचोक्याच्या खळीत कालवलेले रंग आणि सगळ्यात शेवटी डोळे. त्याच्या शेजारी शंभरेक बोटे एका सुपात सुकत ठेवली होती. येणारी-जाणारी मुले त्यांना हात लावू पाहत आणि तो मान वर न करता ‘ए!’ एवढेच म्हणे. इथल्या बऱ्याच घराण्यांचे मूळ कृष्णनगरचे आहे.

दुपारच्या जेवणात पहिल्या घासाला कडू शुक्तो, मग डाळ, मग केळीच्या पानात वाफवलेला भेटकी मासा, मग टोमॅटोची गोड चटणी आणि शेवटी नोलेन गुळाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या रसापासून हिवाळ्यात करतात त्या गुळाचा, रसगुल्ला. सगळे एकदम पानात वाढून घेण्याची माझी सवय पाहून माशीमा अस्वस्थ झाल्या. त्यांनी माझ्या ताटातून चटणीची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि मासे संपल्यावरच परत दिली.

शुक्रवार

श्यामबाजारहून धर्मतळ्याकडे, म्हणजे एस्प्लनेडकडे, जाणारी ट्राम अजून चालू होती, तिने आम्ही निघालो. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये आली आणि विजेची १९०२ मध्ये. एस्प्लनेड ते मैदान हा वारशाचा तुकडा वगळून बाकी ट्राम बंद करण्याचा इरादा राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला, त्यावरून न्यायालयात वाद चालू आहे आणि त्यावर दीदीची मते इतकी तीव्र आहेत, की कंडक्टरही त्यात सामील झाला. ट्राममुळे वाहतूक कोंडते, हे सरकारचे म्हणणे. ट्रामच्या रुळांवर उभ्या केलेल्या मोटारी कोंडतात, हे दीदीचे. आमच्या पुढ्यात एक मोटार रुळांवर लावून मालक मिठाई घ्यायला गेलेला होता, त्यामुळे त्या दिवशी तरी तिचे पारडे जड होते.

ठाकुरांचा जोडासाँकोचा वाडा मोठा, शांत आणि लाल आहे. रवींद्रनाथ इथेच १८६१ मध्ये जन्मले आणि १९४१ मध्ये इथेच गेले; त्या दोन्ही खोल्या दाखवतात. मला तिथे शोध होता तो महाराष्ट्राच्या धाग्याचा. त्यांचे मोठे बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतले पहिले भारतीय, आणि त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. साताऱ्यालाही ते न्यायाधीश होते. विलायतेला जाण्याआधी, १८७८ मध्ये, सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना त्यांनी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून मुंबईला प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. तिथे त्यांना शिकवण्याचे काम डॉक्टरांची विलायतेहून परतलेली मुलगी अन्नपूर्णा हिच्याकडे होते. रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले आणि म्हातारपणीही तिची आठवण आदराने काढली.

वाड्याच्या अंगणात दीदीने कालच्या विषयाची दुसरी बाजू काढली. झारखंडातल्या देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहीत. त्यांच्या पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर दीर्घ कविता लिहिली. १९०६ मध्ये खुद्द टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे शिवाजी उत्सवासाठी कोलकात्यात आले होते. बर्गींची अंगाई ऐकत वाढलेल्या लोकांनी शिवाजी महाराजांचा उत्सव मांडला, याचे मला नवल वाटले. दीदीला वाटले नाही. तिच्या मते फाळणीच्या विरोधात पेटलेल्या बंगालला तेव्हा इंग्रजांशी लढायला एक राजा हवा होता आणि तो बंगालचाच असावा अशी अट कुणी घातली नव्हती. तिने सांगितलेल्या कारणापेक्षा मला यात देऊस्करांचा हात जास्त दिसतो; दोन्ही घरांत वावरणारा एक माणूस मध्ये नसता तर एवढी मोठी कविता झाली असती का, याची मला शंका आहे. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

तो पुढे कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसमध्ये चालू राहिला. प्रेसिडेन्सी आणि कोलकाता विद्यापीठांसमोरच्या या रस्त्यावर पदपथाच्या दोन्ही अंगांना पुस्तकांच्या टपऱ्या इतक्या सलग आहेत, की मागच्या इमारती दिसत नाहीत. कॉफी हाउस जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, तुऱ्याच्या फेट्यातले वाढपी, आणि आवाज इतका, की समोरच्याशी बोलायला पुढे वाकावे लागते. इथे बिनदुधाच्या कॉफीला ‘इन्फ्यूजन’ म्हणतात. ती चवीला बेताचीच आहे. पण दोन तास बसलो तरी कुणी उठा म्हटले नाही, आणि शेजारच्या टेबलावर चार म्हातारे एका कपात दुपार काढत होते.

शनिवार

हा दिवस प्रवाशाने करायच्या गोष्टींचा. व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ मध्ये उघडले. मकराण्याचा पांढरा संगमरवर दुरून देखणा दिसतो, आत गेल्यावर राणीपेक्षा जुन्या कोलकात्याची चित्रे पाहण्यात वेळ चांगला जातो. बागेत प्रेमी युगुलांसाठी प्रत्येक झाडाचे भाडे ठरलेले असावे इतकी शिस्तशीर विभागणी आहे.

भारतीय संग्रहालय १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीने सुरू केले. ममीपुढे रांग होती, ती आम्ही सोडली आणि भरहूतच्या दालनात बसलो. बौद्ध स्तूपाभोवतीचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला तो तांबूस दगडी कठडा पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७३ मध्ये मध्य प्रदेशात शोधला. जातककथांच्या वर्तुळांखाली कोरीव नावे आहेत. शिल्पकाराने प्रसंगावर पाटी लावून ठेवली आहे, हे पाहून दीदीतला शिक्षक खूश झाला.

परतताना आम्ही मुद्दाम हावड्यापर्यंत भुयारी मेट्रोने जाऊन आलो. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली ही गाडी हुगळीच्या तळाखालून सुमारे पाचशे वीस मीटर जाते. नदीखाली आल्याचे कळावे म्हणून बोगद्यात निळे दिवे लावले आहेत. पाऊण मिनिटात ते संपतात. डब्यातली सगळी मुले आणि आम्ही दोघी काचेला नाक लावून होतो.

रविवार

माझी परतीची मेल रात्रीची होती, म्हणून दिवस हाती होता. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय गार्डन रीचला, नदीकाठी. आज तिथे दक्षिण-पूर्व रेल्वेचे कार्यालय आहे. सुट्टीमुळे आम्ही ती भव्य इमारत बाहेरूनच पाहिली. आजोबांचे बदलीचे हुकूम याच इमारतीतून निघत, असे दीदी म्हणाली. त्यांना नागपूरचा उन्हाळा सोसत नसे आणि दर वर्षी ते बंगालकडे बदली मागत, पण उत्तर यायचे ते गोंदियाचे.

जवळच मटियाबुर्ज. अवधचे राज्य १८५६ मध्ये कंपनीने खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह इथे येऊन राहिले आणि आपल्या परीने छोटे लखनौ वसवून १८८७ मध्येच गेले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटाही त्यांच्याच स्वयंपाकघरातून आला म्हणतात. मांस परवडेना म्हणून बटाटा घातला, अशी कथा सर्रास सांगितली जाते. आम्ही ज्या खानावळीत जेवलो तिथल्या चाचांना ती मुळीच मान्य नव्हती: तेव्हा बटाटा ही नवलाईची वस्तू होती आणि बादशहाच्या पानात नवलाईच जाणार, असे ते ठासून म्हणाले. बटाटा अख्खा, केशरी, आतपर्यंत मसाला मुरलेला होता. मला त्यांचे म्हणणे पटले.

रात्री हावड्याला दीदी आणि माशीमा दोघी सोडायला आल्या. डब्यात शिधा इतका भरला होता, की वरच्या बर्थवाल्यांनी तो पाहून आधीच ओळख करून घेतली. गाडी सुटण्यापूर्वी दीदीने एक काम सोपवले. मनकऱ्याच्या घटनेविषयी बंगालीत बरेच आहे. मराठी बखरींत आणि नागपूरकरांच्या पत्रव्यवहारात भास्करपंतांबद्दल काय लिहिले आहे ते मी शोधायचे, आणि दर रविवारी रात्री फोनवर वाचून तिला अर्थ सांगायचा. त्या बदल्यात ती गंगाराम ओळीओळीने समजावणार आहे. पहिल्या रविवारी आम्ही शंकराने नंदीला धाडल्यापर्यंत पोहोचलो. मधूनमधून माशीमा मागून चूक काढत होत्या, कारण त्यांना त्यातला बराच भाग तोंडपाठ आहे.